ग्रहाचं वस्तुमान स्वतः कसं काढायचं आणि त्याला वजन का म्हणायचं नाही : ओळंब्यापासून मंगळयानापर्यंत

"पृथ्वीचं वजन किती?" हा प्रश्न दहावीच्या पोरांपासून स्पर्धा परीक्षावाल्यांपर्यंत सगळे विचारतात आणि ६ वर २४ शून्यं इतके किलो असं उत्तर पाठ करून मोकळे होतात. आकडा बरोबर आहे, पण ते वजन नाही, ते वस्तुमान आहे. परीक्षेत एक मार्क जातो तो जातोच, पण खरा तोटा असा की हा फरक डोक्यात बसला नाही तर शास्त्रज्ञ ग्रह मोजतात कसे हेच कधी कळत नाही. ग्रह काट्यावर ठेवता येत नाही. त्याच्याभोवती काय फिरतंय, किती अंतरावरून फिरतंय आणि एका फेरीला किती वेळ लागतोय, एवढं कळलं की वस्तुमान निघतं. म्हणजे अंतर आणि घड्याळ, बास.

हे सगळं सोलापुरात आपल्या गच्चीवर बसून करता येतं आणि मनापासून सांगतो, दहावीच्या विज्ञान भाग १ चा पहिलाच धडा जो गुरुत्वाकर्षणाचा आहे तो असा हाताने करून बघितलेल्या पोराला नंतर घोकावा लागत नाही. सामान फार नाही : गवंड्याचा ओळंबा, दीड मीटर दोरा, स्टीलची टेप, मोबाईलचं स्टॉपवॉच, कॅल्क्युलेटर (मोबाईल आडवा केला की घात-मूळवाला येतो तो), एक हॅकसॉ ब्लेड, आणि मिळाली तर बायनॉक्युलर किंवा छोटी दुर्बीण.

पायरी १ : आधी वजन आणि वस्तुमान हाताने वेगळं करा

वस्तुमान म्हणजे वस्तूत द्रव्य किती आहे ते, किलोत मोजतात, आणि ती वस्तू सोलापुरात असो, चंद्रावर असो की मधल्या पोकळीत असो, ते तेवढंच राहतं. वजन म्हणजे त्या वस्तूला जवळचा ग्रह किती जोराने ओढतोय ते, म्हणजे ते बल आहे, त्याचं एकक न्यूटन. ६० किलोच्या माणसाचं सोलापुरातलं वजन साधारण ५८७ न्यूटन. रोजच्या बोलण्यात आपण "वजन ६० किलो" म्हणतो ते चालतंय, बाजारात कुणी न्यूटन मागत नाही, पण हिशोबाला बसलो की दोन्ही वेगळे ठेवायचे.

आता काटे बघा, कारण इथंच बहुतेकांचा घोळ होतो. जुनी दोन पारड्यांची तागडी घ्या, एका पारड्यात शेंगदाणे आणि दुसऱ्यात एक किलोचं माप. पृथ्वी दोन्ही पारडी सारख्याच प्रमाणात ओढते त्यामुळे तागडी फक्त तुलना करते, आणि तीच तागडी चंद्रावर नेली तरी तेवढ्याच शेंगदाण्यांना तोल येईल. म्हणजे तागडी वस्तुमान सांगते. स्प्रिंगचा ताणकाटा मात्र ओढ मोजतो, तो चंद्रावर त्याच एक किलोला जेमतेम १६५ ग्रॅम दाखवेल. आणि आता दुकानादुकानात जो इलेक्ट्रॉनिक काटा आहे, मार्केट यार्डातला कांद्याच्या गाड्या तोलणारा मोठा वजनकाटासुद्धा, त्याच्या आत लोडसेल असतो, तो वरून येणारा दाब मोजतो, म्हणजे तोही खरं तर वजनच मोजतो आणि इथलं गुरुत्वाकर्षण अमुक आहे असं धरून किलो करून दाखवतो. म्हणूनच तो प्रमाणित मापं ठेवून तपासावा लागतो.

हा फरक पृथ्वीवरसुद्धा सापडतो. गुरुत्व त्वरण म्हणजे सुटी पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते, मीटर प्रति सेकंद वर्गात. दिल्लीत ते साधारण ९.७९१ आहे, सोलापुरात ९.७८४ च्या आसपास, कारण आपण विषुववृत्ताच्या जास्त जवळ आहोत आणि थोडे उंचावरही आहोत. त्यामुळे दिल्लीत जुळवलेला बारीक काटा तसाच इथं आणला तर किलोमागे पाऊण ग्रॅमच्या आसपास कमी दाखवेल. कांद्याला काही फरक पडत नाही, पण सोन्याच्या दहा ग्रॅमला ते सात-आठ मिलिग्रॅम होतात, म्हणून चांगले काटे जागा बदलली की परत कॅलिब्रेट करतात. सोनं तेवढंच आहे, वजन बदललं.

मग गुरुत्वाकर्षणाला मध्ये न घेता वस्तुमान मोजता येतं का? येतं, आणि हा प्रयोग मला फार आवडतो. हॅकसॉ ब्लेडचं एक टोक टेबलाच्या कडेला क्लॅम्पने घट्ट आवळा, ब्लेडची रुंद बाजू उभी ठेवा म्हणजे ते वर-खाली न हलता डावी-उजवीकडे हलेल. दातांवर चिकटपट्टी लावा नाहीतर बोट कापेल. मोकळ्या टोकाला नाण्यांची पुडी करून ५० ग्रॅम बांधा, जरा बाजूला ओढून सोडा आणि २० हेलकाव्यांचा वेळ घ्या. डोळ्याने मोजायला फास्ट वाटलं तर मोबाईलवर स्लो मोशन घ्या. मग तिथंच २०० ग्रॅम बांधून परत मोजा. वस्तुमान चौपट झालं की वेळ साधारण दुप्पट होतो. हालचाल आडवी आहे, त्यामुळे गुरुत्वाकर्षण तिला ना मदत करत ना अडवत, तुम्ही जे मोजलं ते त्या नाण्यांचं जडत्व, म्हणजे हलायला किती जड जातंय ते. हाच प्रयोग चंद्रावर केला तरी तोच वेळ येईल. १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकन अंतराळस्थानकात अंतराळवीरांचं वस्तुमान असंच मोजलं, स्प्रिंग लावलेल्या खुर्चीत बसवून ती हलवून तिचा वेळ घेतला, कारण तिथं काट्यावर उभं राहून काहीच दाखवलं नसतं.

ते काही दाखवत नाही कारण "तिथं गुरुत्वाकर्षण नसतं" असं बरेच जण सांगतात, शिक्षकसुद्धा सांगतात, आणि ते चूक आहे. ४०० किलोमीटर वर गुरुत्व त्वरण ८.७ च्या आसपास असतं, जमिनीवरच्या जवळजवळ ८९ टक्के. स्थानक, माणूस आणि काटा तिघंही पृथ्वीभोवती एकत्र पडत असतात, म्हणून काट्यावर दाबच येत नाही. हे पक्कं लक्षात ठेवा कारण पृथ्वी स्वतःही अशीच सूर्याभोवती पडत असते, म्हणून "पृथ्वीचं वजन" विचारलं तर आधी सांगावं लागेल की कुणाच्या ओढीतलं.

पायरी २ : ओळंब्याने सोलापूरचं गुरुत्व त्वरण काढा

ओळंबा यासाठी की तो छोटा आणि जड असतो, हवेने फार अडत नाही. दोरा न ताणणारा घ्या, सुती दोऱ्याला भार लागला की तो थोडा लांबतो, म्हणून ओळंबा लटकवून मगच लांबी मोजायची. वरची गाठ जिथून हलायला सुरुवात होते तिथपासून ओळंब्याच्या मध्यापर्यंत (टोकापर्यंत नाही) बरोबर १ मीटर करा. वर पक्का खिळा पाहिजे, दाराच्या चौकटीला हाताने धरून केलं तर आकडा वाया जातो. पंखा बंद करा. ओळंबा १० सेंटिमीटर बाजूला घ्या आणि ढकलू नका, नुसता सोडा. फार लांब ओढला तर एका झोक्याचा वेळ वाढतो आणि आपलं सूत्र छोट्या झोक्यापुरतंच खरं आहे.

पूर्ण झोका म्हणजे जाऊन परत आलेला. असे २० झोके मोजायचे, आणि सुरुवात-शेवट ओळंबा मधून जाताना पकडायचा, टोकाला नाही, कारण टोकाला तो थांबल्यासारखा होतो आणि नेमका क्षण कळत नाही. मोजणी "शून्य" पासून सुरू करा, "एक" पासून नाही, यात पोरं हमखास एक झोका खातात.

सोलापुरात १ मीटर दोऱ्याला २० झोके साधारण ४०.२ सेकंदात होतात. म्हणजे एका झोक्याला २.०१ सेकंद. सूत्र असं : ३९.४८ गुणिले लांबी, भागिले वेळेचा वर्ग (३९.४८ म्हणजे π, म्हणजे ३.१४१६, याच्या वर्गाची चौपट). ३९.४८ ला ४.०४ ने भागा, ९.७७ येतं. स्टॉपवॉच दाबायला ०.३ सेकंद उशीर झाला आणि ४०.५ आले तर उत्तर ९.६३ वर घसरतं, म्हणून सात-आठ वेळा करून सरासरी घ्या, किंवा सरळ ५० झोके मोजा म्हणजे बोटाचा उशीर ५० झोक्यांत वाटला जातो.

आता एक गोष्ट करून बघाच. ओळंब्याच्या जागी तेवढ्याच लांबीवर कुलूप लावा, दगड लावा. वेळ बदलत नाही. जड वस्तूला ओढ जास्त, पण तिला हलवायलाही तेवढंच जड जातं, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. पुढं उपग्रहांच्या पायरीला हेच कामाला येणार आहे.

वजन जागेनुसार बदलतं हे जगाला कळलं तेही लंबकामुळंच. १६७२ मध्ये जाँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला, विषुववृत्ताजवळ, आणि पॅरिसमध्ये बरोबर चालणारं लंबकाचं घड्याळ तिथं दिवसाला अडीच मिनिटं मागं पडायला लागलं. लंबक तोच, लांबी तीच, ओढ कमी. न्यूटनने पुढे याचा उपयोग पृथ्वी मध्ये फुगीर आहे हे दाखवायला केला.

पायरी ३ : पृथ्वीची त्रिज्या, सोलापूर आणि इंदूरच्या सावलीवरून

पुस्तकातून ६,३७१ किलोमीटर उचलता येतं, घाई असेल तर उचला आणि पुढे जा. पण सोलापूरकरांना इथं एक भारी सोय आहे. सोलापूर आणि इंदूर जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत, दोन्ही साधारण ७५.९ अंश पूर्व. अहिल्यादेवींच्या नावाचं विद्यापीठ इथं आणि त्यांच्या होळकरांची राजधानी बरोबर आपल्या उत्तरेला, सरळ रेषेत साधारण ५६० किलोमीटर. एकाच रेखावृत्तावर असल्यामुळं दोन्हीकडे माध्यान्ह एकाच वेळी होते आणि दोन सावल्या थेट तुलनेला घेता येतात. इंदूरला कुणी नातेवाईक, मित्र असेल तर त्याला फोन लावा, तिथं मराठी घरं भरपूर आहेत.

२१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या आसपास दोघांनी १ मीटर काठी सपाट जमिनीवर ओळंब्याने सरळ उभी करा आणि दुपारची सगळ्यात आखूड सावली मोजा. घड्याळात बारा वाजले म्हणजे माध्यान्ह नाही, सोलापुरात मार्चमध्ये सूर्य साडेबारानंतर सगळ्यात उंच येतो, म्हणून सव्वाबारापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी खूण करत राहा. सोलापुरात सावली ३२ सेंटिमीटरच्या आसपास येईल, इंदूरला ४२ च्या आसपास. सावलीला काठीच्या लांबीने भागून कॅल्क्युलेटरवर उलट टॅन दाबलं की कोन मिळतात : साधारण १७.६ आणि २२.७ अंश, फरक पाचच्या थोडा वर. ५.०६ अंशाला ५६० किलोमीटर, तर ३६० अंशाला किती? ३९,८०० च्या वर येतात. त्याला ६.२८ ने भागलं की त्रिज्या ६,३४० किलोमीटर, खऱ्या आकड्याच्या अर्ध्या टक्क्यात.

सावलीची कड पुसट असते, अर्धा सेंटिमीटर इकडं-तिकडं झालं की उत्तर पाच टक्के हलतं, म्हणून मे महिन्याचा मुहूर्त जास्त चांगला. मेच्या १०-११ तारखेच्या आसपास सोलापुरात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. त्या दिवशी इथं मोजायचं काहीच नाही, फक्त इंदूरची सावली पाहिजे, ती १ मीटर काठीला ९ सेंटिमीटरच्या जरा आत असते.

पायरी ४ : आता पृथ्वीचं वस्तुमान

गुरुत्व त्वरण गुणिले त्रिज्येचा वर्ग, भागिले गुरुत्व स्थिरांक. त्रिज्या मीटरमध्ये घ्या, किलोमीटर तसेच घातले की उत्तर दहा लाख पटीने चुकतं. स्थिरांक ०.००००००००००६६७४ इतका आहे. ९.७८ आणि ६३,७१,००० मीटर घालून उत्तर येतं ५.९५ गुणिले १० चा २४ वा घात किलो. मान्य आकडा ५.९७. ओळंबा आणि टेपने एवढं जवळ जाता येतं, आणि जो थोडा कमी भरला तोही आपल्या चुकीने नाही. पृथ्वी फिरते त्यामुळं सोलापुरात आपलं वजन जवळपास ०.३ टक्के कमी भरतं, ६० किलोवाल्याला १९० ग्रॅमच्या आसपास. आणि आपण पृथ्वीच्या मध्यापासून सरासरीपेक्षा पाच-सहा किलोमीटर लांब आहोत. या दोन्ही दुरुस्त्या घातल्या की हिशोब ५.९७ ला येऊन टेकतो.

हा एवढा छोटा स्थिरांक आला कुठून? हेन्री कॅव्हेंडिशने १७९७-९८ मध्ये लंडनला एका बंद खोलीत आडव्या दांडीला दोन छोटे शिशाचे गोळे टांगले, शेजारी प्रत्येकी दीडशे किलोच्या वर असलेले दोन मोठे गोळे आणले आणि दांडी किती वळते ते बघितलं. श्वासाने, अंगाच्या उष्णतेने हवा हलू नये म्हणून तो खोलीच्या बाहेरून दुर्बिणीने बघत होता. त्याला हवी होती ती पृथ्वीची घनता, आणि ती पाण्याच्या ५.४५ पट निघाली, आजचा आकडा ५.५१. आपण उभे आहोत तो दख्खनचा काळा बेसॉल्ट पाण्याच्या तीन पटही घन नाही, म्हणजे आत खोल याच्याहून फार घन काहीतरी आहे हे त्या गोळ्यांनीच सांगितलं.

पायरी ५ : छतावरची डिश आणि मंगळयान

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही आहे, बाकी गडबडीत वाचलं तरी ही शांतपणे करा.

सोलापुरातल्या कुठल्याही गच्चीवरची टीव्हीची डिश बघा, दक्षिण-पूर्वेकडे तोंड करून एका जागी खिळलेली असते. ती ज्या उपग्रहाकडे बघते तो जमिनीपासून ३५,७८६ किलोमीटर वर असतो आणि २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी मारतो, पृथ्वीही तेवढ्याच वेळात फिरते म्हणून तो आपल्याला हललेला दिसत नाही. हिशोबात उंची घालायची नाही, पृथ्वीच्या मध्यापासूनचं अंतर घालायचं : ४२,१६४ किलोमीटर.

सूत्र : ३९.४८ गुणिले अंतराचा घन, भागिले (स्थिरांक गुणिले वेळेचा वर्ग). अंतर मीटरमध्ये, वेळ सेकंदात, म्हणजे ८६,१६४ सेकंद. उत्तर ५.९७ गुणिले १० चा २४ वा घात, म्हणजे ओळंब्याने जे जवळजवळ आलं ते इथं बरोबर आलं. उपग्रहाचं स्वतःचं वस्तुमान सूत्रात कुठंच नाही, कुलूप आणि दगडासारखंच.

आता मंगळ. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला श्रीहरिकोट्याहून उडालं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत शिरलं. इस्रोने तेव्हा कक्षेचे आकडे जाहीर केले होते : मंगळापासून सगळ्यात जवळ ४२१.७ किलोमीटर, सगळ्यात लांब ७६,९९३.६ किलोमीटर, एका फेरीला ७२ तास ५१ मिनिटं ५१ सेकंद. कक्षा लांबट आहे, अशा वेळी पूर्ण लांबीचा अर्धा घ्यायचा. दोन्ही उंच्या आणि मध्ये मंगळाचा व्यास ६,७८० मिळवून ८४,१९५ होतात, अर्धे केले की ४२,०९८ किलोमीटर.

थांबा, हा आकडा परत बघा. डिशवाल्या उपग्रहाचं अंतर ४२,१६४, मंगळयानाचं ४२,०९८. जवळजवळ सारखं! कक्षा तेवढीच मोठी, पण पृथ्वीभोवती फेरी २४ तासांच्या आत आणि मंगळाभोवती ७३ तास, तिपटीहून जरा जास्त. ओढ कमी म्हणून फेरी सावकाश. वेळेचं गुणोत्तर ३.०४, त्याचा वर्ग ९.२७, म्हणजे मंगळ पृथ्वीच्या नवव्या हिश्शाच्या आसपास. स्थिरांक लागला नाही, १० चे घात लागले नाहीत, दोन फेऱ्यांचे वेळ कळले आणि ग्रहाचं वस्तुमान कळलं. पूर्ण सूत्र लावून बघितलं तर ६.४१ गुणिले १० चा २३ वा घात येतं, मान्य आकडा ६.४२. आपल्या देशाने पाठवलेल्या यानाच्या आकड्यांवरून सोलापुरातला शाळकरी पोरगा मंगळ मोजू शकतो, हे प्रत्येक वर्गात एकदा तरी फळ्यावर करून दाखवायला पाहिजे असं मला फार वाटतं.

जरा पुढचं सांगतो. यान चालवणारे लोक वस्तुमान सुटं घेत नाहीत, वस्तुमान आणि स्थिरांक यांचा गुणाकार घेतात. कक्षांवरून तो गुणाकार अतिशय अचूक मिळतो, पण एकट्या स्थिरांकाचे पहिले चार-पाच अंकच पक्के आहेत, त्यामुळे पृथ्वीच्या किलोतल्या आकड्याची अचूकताही तिथंच अडते. अडचण आकाशात नाही, कॅव्हेंडिशच्या त्या खोलीतल्या प्रयोगात आहे, आजही.

पायरी ६ : गुरू, स्वतःच्या डोळ्यांनी

गुरू इतका तेजस्वी असतो की शहरातले लाईट, धूळ काही आड येत नाही. २०२७ च्या फेब्रुवारीत तो रात्रभर दिसेल, तेव्हा आपल्याकडे आकाशही स्वच्छ असतं. १० बाय ५० ची बायनॉक्युलर कठड्यावर टेकवून बघितली तरी त्याच्या शेजारी एका रेषेत चार ठिपके दिसतात, गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिलेले तेच चार चंद्र. मोजमाप करायला मात्र छोटी दुर्बीण आणि मोबाईल बरा.

रोज ठरलेल्या वेळी फोटो किंवा चित्र काढा, आणि ठिपक्यांचं अंतर गुरूच्या व्यासात लिहा, मिलिमीटरमध्ये नाही. फोटोत चंद्र दिसावेत म्हणून एक्स्पोजर वाढवलं की गुरू फुगतो आणि व्यास चुकतो, म्हणून दोन फोटो घ्या, कमी एक्स्पोजरचा व्यासासाठी, जास्तीचा चंद्रांसाठी. आपल्याला पाहिजे कॅलिस्टो, सगळ्यात बाहेरचा, पण कुठल्याही एका रात्री सगळ्यात लांबचा ठिपका कॅलिस्टोच असेल असं नाही, तो गुरूच्या पुढं-मागं असला की जवळ दिसतो. तीन-चार आठवड्यांचे ठिपके ग्राफ पेपरवर मांडा, आठ व्यासांच्या पलीकडे जो जातो तो कॅलिस्टो, त्याची मोठी लाट आपोआप वेगळी दिसते. अ‍ॅपवर नावं नंतर तपासा, आधी नको, आधी बघितलं की हात आपोआप तिकडंच ठिपका काढतो.

लाटेची उंची (गुरूपासून टोकापर्यंत) १३.१७ व्यास, एका टोकापासून परत त्याच टोकाला यायला १६.७ दिवस. गुरूचा व्यास १,४२,९८४ किलोमीटर घ्या, अंतर १८,८३,००० च्या आसपास येतं. आता आपल्या चंद्राशी तुलना करा : ३,८४,४०० किलोमीटर, २७.३२ दिवस. अंतर ४.९ पट, त्याचा घन ११७.५. वेळ ०.६११ पट, त्याचा वर्ग ०.३७३. भागाकार ३१५. म्हणजे पृथ्वी आणि चंद्र मिळून जेवढं होतं त्याच्या ३१५ पट, आणि चंद्राचा सव्वा टक्का हिशोबात घेतला की एकट्या पृथ्वीच्या ३१८ पट.

तुमचं अंतर १३.१७ ऐवजी १२.५ आलं तर उत्तर १४-१५ टक्क्यांनी कमी येईल, घन असल्यामुळं अंतरातली चूक तिप्पट होते. वेळेतली चूक दुप्पट. त्यामुळं मेहनत घ्यायची ती व्यास नीट मोजण्यात.

बुध आणि शुक्राला चंद्र नाहीत, त्यामुळं त्यांचे आकडे बराच काळ कच्चे होते. शेजारच्या ग्रहांच्या वाटेत ते किती ढवळाढवळ करतात त्यावरून अंदाज घ्यायचे. शुक्राजवळून १९६२ मध्ये मरिनर २ आणि बुधाजवळून १९७४ मध्ये मरिनर १० गेलं तेव्हा यानाची वाट किती वळली यावरून पक्के आकडे आले. प्लूटोचंही तेच, १९७८ मध्ये त्याचा चंद्र शॅरन सापडला आणि तो आधीच्या अंदाजांपेक्षा कितीतरी हलका निघाला, पृथ्वीच्या पाव टक्क्याहूनही कमी.

पायरी ७ : वस्तुमानावरून परत वजनाकडे

आता उलटं जायचं. ग्रहाचं वस्तुमान पृथ्वीच्या पटीत, भागिले त्रिज्येच्या पटीचा वर्ग, की तिथं वजन किती पट होईल ते निघतं. त्रिज्या विसरली की मोठा घोटाळा होतो. गुरू ३१८ पट, म्हणून वजनही ३१८ पट असं सांगणारे भेटतात, पण त्रिज्याही ११.२ पट आहे, म्हणून वजन अडीच पटच होतं.

दीड किलोची सोलापुरी चादर धरा, आणि इथं जुळवलेला ताणकाटा. चंद्रावर काटा २५० ग्रॅम दाखवेल, मंगळावर ५७० च्या आसपास. बुधावर? बुध मंगळाच्या जेमतेम निम्म्या वस्तुमानाचा आहे, तरी काटा जवळजवळ तेच ५७० दाखवेल, कारण बुध लहान आहे आणि घन आहे, तिथं उभं राहिलं की मध्य जवळ पडतो. गुरूच्या ढगांच्या पातळीवर ३.८ किलो, खाली जमीन अशी नाहीच, त्यामुळे ढगांची पातळीच धरतात. चादर सगळीकडे दीड किलोचीच, तेवढेच धागे, आणि हॅकसॉ ब्लेडला बांधून हलवली तर सगळीकडे वेळही तोच.

शनीचा हिशोब तुम्हीच करा. त्याचा मोठा चंद्र टायटन छोट्या दुर्बिणीतून दिसतो : अंतर १२,२१,८७० किलोमीटर, फेरी १५.९५ दिवसांची. आपल्या चंद्राशी तुलना केली की ९५ च्या आसपास आलं पाहिजे. मग त्रिज्या ९.४५ पट घेऊन वर्गाने भागा. उत्तर १.०७ येतं, म्हणजे ९५ पृथ्व्यांइतक्या ग्रहावर दीड किलोची चादर काट्यावर फक्त १.६ किलो. ग्रह स्वतःभोवती फिरतो त्यामुळे वजनात जी घट येते ती या आकड्यांत धरलेली नाही, शनी आणि गुरू फार वेगात फिरतात म्हणून विषुववृत्तावर काटा याहून कमी दाखवेल, आणि ती घट काढायला पायरी ४ मध्ये सोलापूरसाठी केलेलाच विचार लागतो : त्रिज्या आणि एका फेरीचा वेळ.